मदत हवी आहे: जर्मन शेफर्डचं पोट सतत बिघडतं

आमचा शेरू दीड वर्षाचा. पिल्लू असल्यापासून शी पातळ, पिवळट, तेलकट आणि ढीगभर. खातो अधाशासारखा, तरी बरगड्या दिसतात. मेट्रोनिडाझोल (अँटिबायोटिक) चालू असेपर्यंत बरा, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. जंताचं औषध दिलंय. शी तपासली, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) सापडला नाही (अर्थात तो प्रत्येक नमुन्यात दिसतोच असं नाही). अॅलर्जी असेल म्हणून चिकन बंद केलं होतं, पण शेजारच्या आजी गुपचूप बिस्किटं देतात, त्यामुळे तो प्रयोग धरू नका!

या जातीत स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडण्याचा आजार बराच आढळतो. त्यासाठीची टीएलआय रक्ततपासणी पुण्यात कुणी करून घेतली आहे का? सोबत बी१२ पण बघावं का? की आधी ८ आठवडे एकाच प्रथिनाचं कडक पथ्य करू?