एकट्या कारागिराच्या घड्याळाला इतकी किंमत का?

नौपाडाकर: फिलिप द्युफूर, रॉजर स्मिथ, एफ. पी. झूर्न या स्वतंत्रपणे महागडी घड्याळं घडवणाऱ्या कारागिरांचं नाव काढलं की ठरलेला शेरा येतो, "श्रीमंतांचे चोचले". मला तो मान्य नाही. १९६९ मध्ये सेइकोचं ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं घड्याळ आलं आणि पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बंद पडले. चावीचं घड्याळ संपलं असं जो तो म्हणत असताना जॉर्ज डॅनियल्स हे इंग्रज कारागीर घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतःच्या हातांनी बनवत होते. त्यांच्या को-ॲक्सियल एस्केपमेंटला, म्हणजे स्प्रिंगची ताकद ठरावीक टप्प्यांनी सोडणाऱ्या नव्या यंत्रणेला, स्विस कंपन्यांनी बरीच वर्षं दाद दिली नाही. शेवटी १९९९ मध्ये ओमेगाने ते बाजारात आणलं. असे हट्टी लोक नसते तर ही विद्या पुस्तकांतच उरली असती.

घोडबंदर_रोड: डॅनियल्स यांच्या शोधाला नमस्कार. पण लोक पैसे मोजतात ते शोधासाठी नाही, दुर्मिळतेसाठी. द्युफूर यांचं 'सिम्प्लिसिटी' २००० साली आलं. तास, मिनिटं, सेकंद, बाकी काही नाही. २०२० मध्ये जिनिव्हाच्या लिलावात त्यातलं एक १३ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. वेळ तर स्टेशनबाहेरचं साधं क्वार्ट्झही त्याच्यापेक्षा अचूक दाखवतं.

नौपाडाकर: अचूकतेचा वाद क्वार्ट्झने कधीच जिंकला, त्यावर भांडण नाही. प्रश्न हाताच्या कामाचा आहे. आतल्या ब्रिजची, म्हणजे चाकं जागेवर धरणाऱ्या पट्टीची, कड ४५ अंशात तासून आरशासारखी करतात. दोन कडा आत वळून मिळतात तो कोपरा धारदार ठेवायचा असेल तर फिरतं हत्यार उपयोगाचं नाही, ते गोलाई सोडतं. तिथे कानस चालवायची, मग जेन्शन नावाच्या डोंगरी वनस्पतीच्या वाळलेल्या देठाने पॉलिश करायचं. हात जरा घसरला की सगळा भाग बाद. वर्षाला मोजकीच घड्याळं निघतात ती यामुळे.

घोडबंदर_रोड: तो कोपरा भिंगाशिवाय दिसतो कोणाला? आणि स्वतंत्र म्हणायचं तरी किती काळ? झूर्न यांच्या कंपनीत २०१८ मध्ये शानेल या फ्रेंच फॅशन कंपनीने २० टक्के हिस्सा घेतला.

वाशीची_लेक: दोघांनाही सांगते. माझे बाबा ठाण्यात जांभळी नाक्याजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. एचएमटी जनताचा बॅलन्स स्टाफ, म्हणजे आतल्या झुलत्या चाकाची बारीक दांडी, मोडला आणि सुटा भाग मिळाला नाही, तर छोट्या लेथवर स्वतः घडवायचे. केसाएवढं टोक, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. त्यांची मजुरी ऐकून लोक म्हणायचे, "एवढ्यात नवीन येईल." घोडबंदरदादा, तुमचा अचूकतेचा हिशेब हाच आहे, आणि त्यानेच हे काम संपलं. एचएमटी वॉचेस ही कंपनीही २०१६ मध्ये बंद झाली. हाताच्या कामाला जगात कुठेतरी दाम मिळतोय, याचा मला आनंदच आहे.

पण नौपाडाकर, तुमचंही पूर्ण पटत नाही. लिलावाच्या आकड्यांनी विद्या टिकत नाही, शिकवण्याने टिकते. द्युफूर आणि ग्रॉयबेल व फोर्सी ही घड्याळ कारागिरांची जोडी, यांनी मिशेल बुलांजे या फ्रेंच शिक्षकाला जुन्या, हाताने चालणाऱ्या अवजारांवर अख्खं घड्याळ बनवायला शिकवलं, ते पुढे त्यांनी इतरांना शिकवावं म्हणून. माझ्यासाठी तो उपक्रम कुठल्याही लिलावापेक्षा मोठा आहे. आपल्याकडे बाबांच्या पिढीकडून कोण शिकलं?

नौपाडाकर: ताई, हे मान्य. पण शिकलेल्याचं पोटही भरलं पाहिजे. महाग घड्याळ घेणारा गिऱ्हाईक नसेल तर बुलांजे यांचे विद्यार्थी जातील कुठे?

घोडबंदर_रोड: दुरुस्तीकडे जातील. जुनी एचएमटी घरोघरी ड्रॉवरमध्ये पडून आहेत. ताई, आयटीआयमध्ये असा वर्ग हवा अशी मागणी कोणी केली तर पहिली सही माझी. लिलावाच्या किमतीचं समर्थन मात्र मी करणार नाही.

वाशीची_लेक: सही नंतर करा. आधी ड्रॉवरमधलं घड्याळ काढून सर्व्हिसिंगला द्या, आणि मजुरीत घासाघीस करू नका.