फुकटातले फॉन्ट कन्व्हर्टर आणि तत्सम प्रोग्राम : तुमचे अनुभव लिहा

नदीकाठ
माळा आवरताना सासऱ्यांनी केलेल्या कुलवृत्तांताची सीडी सापडली. फाईल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. लेक म्हणाला व्हायरस आहे. व्हायरस कसला, आमच्या वेळचं मराठी पोटात असंच असायचं! ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की फाईलमध्ये ई, जे, के, बी, एच एवढंच साठतं. फॉन्ट गेला की उरतं तेच.

शोधाशोध करून एक फुकटचा कन्व्हर्टर मिळाला, कुणा एकट्या माणसाने लिहिलेला. डावीकडे पेस्ट करा, बटण दाबा, उजवीकडे युनिकोड, म्हणजे आताचं, कुठेही वाचता येणारं मराठी. बसल्या जागी अख्खा वंशवृक्ष वाचता यायला लागला. फक्त घराण्यातले सगळे विनायक 'िवनायक' झालेत आणि बर्वे मंडळी 'बवेर्'. त्या माणसाला आभाराचं पत्र लिहायचंय. त्यातच या तक्रारी घालू, की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत?

तुम्ही असलं काही वापरलंय का? मजकूर साफ करणारे, ओळी जोडणारे, कुठलेही प्रोग्राम चालतील.

बटाटेवडा
बवेर् 😂😂 चहा सांडला. आमच्या पत्रिकेत 'शुभाशीवार्द' छापलं होतं. संसार बरा चाललाय तरी.

जोडाक्षर
डीटीपीत केस पांढरे झालेत म्हणून सांगतो. जुन्या फॉन्टात दिसेल तसं टाइप करायचं. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी, रफार डोक्यावर बसतो म्हणून तो शेवटी. युनिकोडात उच्चाराचा क्रम. आधी व, मग वेलांटी. आधी र्, मग व. त्यामुळे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, वेलांटी उचलून पलीकडे न्यावी लागते. 'स्थिती'तल्या पहिल्या वेलांटीला स् आणि थ दोन्ही ओलांडायचे असतात. रफार मागे आणायचा, तोही काना-मात्रा ओलांडून. तुमच्या बर्व्यांचा रफार मात्रेपाशीच अडकलाय.

तक्रार जरूर लिहा. पण 'चालत नाही' एवढंच लिहू नका, त्याने समोरच्याला काही कळत नाही. फॉन्टचं पूर्ण नाव, मूळ ओळ, आणि काय यायला हवं होतं ते द्या.

सुधामावशी
मी आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवल्या होत्या त्याची पीडीएफ होती त्यातून काढल्या तर मध्येच ओळी तुटलेल्या. भाचीने एक फुकटचा प्रोग्राम दिला ओळी जोडणारा. त्याने जोडल्या की! सगळ्याच जोडल्या. सासूची ओवी जावेच्या ओवीत आणि माहेर कुठे संपतं सासर कुठे सुरू होतं कळेना. कुकर झाला येते नंतर

पेठेतला_अण्णा
ओळी जोडायला प्रोग्राम कशाला? वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस. कॅरट-पी (^p) म्हणजे वर्डची परिच्छेद संपल्याची खूण. आधी लागोपाठ दोन कॅरट-पी शोधून तिथे दोन हॅश टाका, मग उरलेल्या एकेका कॅरट-पीच्या जागी स्पेस, मग हॅशच्या जागी परत कॅरट-पी. परिच्छेद शाबूत राहतात. ओव्यांना हे चालणार नाही, मावशींनी नाद सोडावा.

बटाटेवडा
बाकी सगळं ठीक, पण सीडी वाचलीस कशावर? आमच्या लॅपटॉपला ती खाचच नाही.

नदीकाठ
तपकीर गल्लीतून यूएसबीला लावायचा ड्राइव्ह आणला.

बटाटेवडा
तिथे गाडी कुठे लावलीस ते लिही, त्याचा वेगळा धागा होईल.

नदीकाठ
गाडी नेलीच नाही. मेट्रोने मंडई, पुढे पायी.

फुकटवाला
मी नाण्याची दुसरी बाजू. एक बारका प्रोग्राम लिहून फुकट ठेवला होता. मजकुरातल्या दुहेरी स्पेस, स्वल्पविरामाआधीची स्पेस, ओळीच्या शेवटचा केरकचरा काढायचा. अभिप्राय आले. एकाने लिहिलं, 'ठीक आहे.' पुण्यात याला दाद म्हणतात, मी प्रिंट काढून लावलंय. दुसऱ्याने विचारलं, रंग निळाच का.

एका काकांचा फोन आला, फुकट आहे तर घरी येऊन घालून द्याल का? गेलो. पोहे मिळाले. मग काकांनी शेजारी बसवून दाखवलं की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतंय. र आणि य मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह होतं, माझा प्रोग्राम त्यालाही कचरा समजून झाडत होता. इतकी उपयोगी तक्रार मला नोकरीतही कुणी केलेली नाही.

जोडाक्षर
@फुकटवाला, पायमोडका र आणि हे अदृश्य चिन्ह घेण्यापेक्षा टिंबवाला ऱ घ्या आणि त्याला हलन्त जोडा. मग ते चिन्ह लागतच नाही. काकांना साष्टांग सांगा.

सुधामावशी
आले. भाचीने ओव्या परत तोडून दिल्या, दुपार गेली पोरीची. पत्र लिहाल तेव्हा त्यांना म्हणावं 'ही कविता आहे' असं एक बटण ठेवा. अण्णा, नाद सोडणार नाही.

नदीकाठ
मावशी, ओळी जोडणारा प्रोग्राम वेगळ्याच माणसाचा आहे हो. पण लिहिते, करेलही. ओव्या इथे टाका ना.

सुधामावशी
टाकते. फोनवर वेळ लागतो.

शाईपेन
धागा वाचला नाहीये, घाई आहे. पानं लावायला इनडिझाइन घेतलंय, त्यात युनिकोड मजकूर ओतला की जोडाक्षरं फुटताहेत. दिवाळी अंक अडकलाय. कुणी आहे का जागं?

जोडाक्षर
मजकूर निवडून परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लाव. अंक कुठला? माझी एक कथा साभार परत आलीये, बघ कुठे बसते का.

शाईपेन
जमलं!! कथा पाठवा. युनिकोडात.