फार्मसी कॉलेजातले शिक्षक नेमके कुठून आलेले असतात?

मृण्मयी:

नमस्कार. मुलीला फार्मसीच करायची आहे, ते तिचं ठरलेलं आहे. माझा प्रश्न कॉलेजच्या शिक्षकांबद्दल आहे.

प्रवेश घ्यायच्या आधी वेगवेगळ्या कॉलेजांच्या प्राध्यापकांची माहिती वाचत बसले आहे. मला वाटायचं, तिथे सगळे फार्मसी शिकलेलेच असतील. तसं दिसत नाही. कुणी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी., कुणी सेंद्रिय रसायनशास्त्रात, एक बाई एमबीबीएस, एक गृहस्थ संख्याशास्त्राचे. एकांनी आधी औषध कंपनीच्या उत्पादन विभागात बरीच वर्षं काढलेली. एकांच्या नावापुढे "हॉस्पिटलबरोबर संयुक्त नेमणूक" असं लिहिलंय, त्याचा अर्थच मला लागला नाही.

जो स्वतः फार्मासिस्ट नाही, तो फार्मासिस्ट कसा घडवणार? आणि शोधनिबंधांची लांबलचक यादी असलेला शिक्षक चांगला, की प्रत्यक्ष काम केलेला? या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया सांगावं.

गोळीयंत्र:

मृण्मयीताई, मी फार्मास्युटिक्स शिकवायचो, आता निवृत्त आहे. शिकवायला यायच्या आधी गोळ्यांच्या उत्पादनात होतो, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या त्या "कंपनीतून आलेल्या" गृहस्थांच्याच जातकुळीतला. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

फार्मसी हा एक विषय नाही. रेणू कसा बनतो हे रसायनशास्त्र, तो शरीरात काय करतो हे फार्माकॉलॉजी, वनस्पतीतून आलेलं औषध ओळखणं आणि तपासणं हे फार्माकॉग्नोसी, त्याची गोळी, मलम किंवा इंजेक्शन करणं हे फार्मास्युटिक्स, आणि ते रुग्णाला नीट मिळतंय ना हे पाहणं म्हणजे फार्मसी प्रॅक्टिस. शिवाय कायदा, संख्याशास्त्र, औषधखर्चाचा हिशोब. एवढं सगळं एकाच वाटेने आलेली माणसं शिकवू शकत नाहीत. फार्माकॉलॉजीच्या बाई डॉक्टर आहेत किंवा फार्माकॉग्नोसीचे सर वनस्पतिशास्त्राचे आहेत, हे वाचून मला तरी काळजी वाटणार नाही.

"बाहेरच्या" माणसांवरून या क्षेत्रात फार जुने वाद झालेले आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात 1868 मध्ये अल्बर्ट प्रेस्कॉट यांनी फार्मसीचं शिक्षण सुरू केलं. ते शिक्षणाने डॉक्टर आणि कामाने रसायनशास्त्रज्ञ. तेव्हाची रीत अशी, की आधी दुकानात उमेदवारी करायची आणि मग संध्याकाळच्या व्याख्यानांना बसायचं. प्रेस्कॉट यांनी उमेदवारीची अट काढली आणि पूर्णवेळ वर्ग व प्रयोगशाळा ठेवली. 1871 मध्ये तिथल्या औषधनिर्मात्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नाही. पुढे तेच त्या संघटनेचे अध्यक्ष झाले! पण विरोध करणाऱ्यांकडेही चांगला दाखला होता. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात 1846 पासून शिकवणारे विल्यम प्रॉक्टर स्वतःचं औषधांचं दुकान चालवत आणि तिथलं काम वर्गात आणत. पॅरिसमध्येही तेच. 1820 मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं करणारे पेलेतिए आणि काव्हांतू दोघेही फार्मसीच्या शाळेत शिकवायचे आणि दोघांची औषधांची दुकानं होती.

आमच्या विषयात तर सगळ्यात मोठं नाव बाहेरून आलेल्याचं आहे. ताकेरू हिगुची मूळचे भौतिक रसायनशास्त्राचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कृत्रिम रबराच्या संशोधनात होते आणि 1947 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फार्मसी विभागात आले. मलमातून औषध किती वेगाने बाहेर पडतं याचं त्यांनी 1961 मध्ये मांडलेलं समीकरण तुमची मुलगी शिकेल. बाहेर पडलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, एवढं साधं ते दिसतं, पण त्याच्या आधी मलम घोटण्याचं काम बरंचसं हाताच्या अंदाजावर चालायचं. फार्मासिस्ट नसलेल्या माणसाने फार्मासिस्टांना काय द्यावं, याचं हे उत्तर.

आता कंपनीतून आलेल्यांबद्दल. आमच्याकडे ग्रॅन्युलेशनवर, म्हणजे गोळी पाडण्याआधी पावडर ओली करून तिचे दाणे करण्याच्या कामावर, एक अनुभवी ऑपरेटर होते. ओला माल मुठीत दाबायचे, मूठ उघडून गोळा अंगठ्याने मोडायचे. स्वच्छ मोडला तर माल तयार. भुगा झाला तर पाणी कमी, बोटांना चिकटला तर जास्त. पुस्तकात याला एक ओळ असते. मी प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला तो गोळा मोडायला लावायचो आणि मग त्याच मालाच्या गोळ्या पाडून त्यांचा कडकपणा मोजायला लावायचो. मॅग्नेशियम स्टिअरेटचंही तसंच. गोळी पंचला, म्हणजे यंत्रातल्या गोळी दाबणाऱ्या दांड्याला, चिकटू नये म्हणून ही पावडर शेवटी घालतात. पाच मिनिटं मिसळायचं ते कुणी अर्धा तास मिसळत ठेवलं, तर त्याचा मेणचट थर प्रत्येक कणावर बसतो, गोळी मऊ होते आणि पाण्यात विरघळायला वेळ लावते. घटक तेच, वजन तेच, पण औषध पोटात उशिरा सुटतं. हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने घडवून बघता आलं पाहिजे, आणि ज्याने बॅच अडकलेल्या पाहिल्या आहेत त्याला ते घडवून दाखवायचं सुचतं.

पण आम्हा कंपनीवाल्यांची एक उणीवही सांगतो. आमची नजर गोळी डब्यात जाईपर्यंतच असते. म्हणून मी दरवर्षी एक प्रकरण प्रॅक्टिसच्या मॅडमबरोबर मिळून शिकवायचो. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये, फिट्सवर फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांमध्ये अचानक विषबाधेची लक्षणं दिसू लागली: तोल जाणं, डोळे थरथरणं. डोस कुणी वाढवला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं, की कॅप्सूलमधलं भरणीचं द्रव्य बदललं होतं, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं. कॅल्शियम सल्फेट असताना औषध कमी शोषलं जायचं, लॅक्टोजबरोबर ते जास्त शोषलं जाऊ लागलं. इथपर्यंत मी. पुढे मॅडम फळ्यापाशी यायच्या: फेनिटॉइन पचवणारी यकृतातली यंत्रणा नेहमीच्या डोसलाच भरत आलेली असते, त्यामुळे शोषण थोडं वाढलं तरी रक्तातली पातळी एकदम चढते. एकट्या मला हे प्रकरण अर्धंच शिकवता आलं असतं आणि एकट्या त्यांनाही.

तेव्हा ताई, एकेका माणसाच्या पदव्यांवर अडकू नका. कुठल्या विषयाला कोण आहे ते बघा. फार्मास्युटिक्समध्ये सगळे पदवीनंतर थेट शिकवायला लागलेले असतील, कारखाना कुणीच पाहिला नसेल, तर विचार करा. आणि प्रॅक्टिस शिकवणारं कुणी आज रुग्णालयात किंवा औषधाच्या काउंटरवर उभं राहत नसेल, तर जास्त विचार करा.

वॉर्डफेरी:

गोळीयंत्र सरांच्या शेवटच्या वाक्यातल्या "आज" या शब्दाखाली मी दोन रेघा ओढेन.

ताई, संयुक्त नेमणूक म्हणजे माझ्यासारखी. माझा पगार थोडा कॉलेज देतं आणि थोडा रुग्णालय. सकाळी अतिदक्षता विभागात डॉक्टरांबरोबर राउंड, दुपारी वर्ग. विद्यार्थी राउंडला बरोबर असतात. औषधविक्रीपलीकडे जाऊन वॉर्डात बसणारा फार्मासिस्ट ही कल्पना 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर प्रत्यक्ष करून बघितली गेली. तिथल्या शिक्षकांनीच तो प्रयोग उभा केला. शिक्षक वॉर्डात गेले म्हणून विद्यार्थी गेले, तो क्रम महत्त्वाचा आहे.

अनुभव किती जुना, हे का बघायचं ते एका औषधावरून सांगते. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक. एमआरएसए, म्हणजे बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू, त्याच्या गंभीर संसर्गात आम्ही पूर्वी पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली पातळी 15 ते 20 मध्ये ठेवायचो. 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ते सोडायला सांगितलं, कारण त्यात मूत्रपिंडाला इजा होत होती. आता चोवीस तासांतला एकूण संपर्क, म्हणजे एयूसी, 400 ते 600 मध्ये ठेवतात. 2015 मध्ये वॉर्ड सोडलेला उत्तम, हुशार, मनापासून शिकवणारा माणूस असेल आणि त्याने मध्ये वाचन ठेवलं नसेल, तर तो अजून 15 ते 20 च शिकवेल. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला हा धोका इतका नसतो. बेंझीन बदलत नाही.

माहिती वाचताना "रेसिडेन्सी" हा शब्द दिसला तर थांबा. फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी ही पदवी, घेतल्यानंतर रुग्णालयात एक वर्ष सर्वसाधारण आणि पाहिजे तर आणखी एक वर्ष एखाद्या शाखेत, जसं की कर्करोग, बालरुग्ण, संसर्ग, असं देखरेखीखालचं काम करतात. सगळीकडे ही सोय नाही, त्यामुळे नसेल तर तो दोष धरू नका. मग नोकरी कुठल्या वॉर्डात, किती काळ आणि कधीपर्यंत, ते बघा.

बेंझीनवलय:

मी तो "फार्मासिस्ट नसलेला". सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी., नंतर औषधशोधाच्या प्रयोगशाळेत नवे रेणू बनवायचो, आता मेडिसिनल केमिस्ट्री, म्हणजे औषधांच्या रेणूंचं रसायनशास्त्र, शिकवतो.

बेंझीन बदलत नाही हे मान्य. पण मला इथे आल्यावर शिकवण्याची दिशा बदलावी लागली, तेही ताईंनी ऐकावं. रसायनशास्त्र विभागात मी रेणू कसा बनवायचा हे शिकवलं असतं. इथल्या मुलांना तो बनवायचा नाही, त्यांना त्याच्याकडे बघून रुग्णात काय होईल ते ओळखता यायला हवं. सिमेटिडीन या पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या औषधाचं उदाहरण घ्या. त्याच्या आधीचा मेटियामाइड आम्ल कमी करायचा, पण काही रुग्णांमध्ये पांढऱ्या पेशी घटल्या. संशय रेणूतल्या थायोयुरिया या अणुगटावर होता. तो काढून तिथे सायनोग्वानिडीन बसवलं आणि 1976 मध्ये सिमेटिडीन बाजारात आलं. ही गोष्ट रसायनवाल्यांना फार आवडते आणि पूर्वी मी इथेच थांबायचो.

आमच्या प्रॅक्टिस विभागातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, घेणाऱ्याला सिमेटिडीन दिलं तर रक्तस्रावाची भीती का, ते तुमच्या रेणूच्या चित्रात दाखवा." चित्रात ते आहे! त्यातल्या इमिडॅझोल वलयाचा नायट्रोजन यकृतात औषधं मोडणाऱ्या सायटोक्रोम एन्झाइमच्या लोहाला जाऊन धरतो, एन्झाइम अडतं, वॉरफरिन साचतं. रॅनिटिडीन या त्याच जातीच्या औषधात इमिडॅझोलच्या जागी फ्युरान आहे, तिथे ही अडचण फारच कमी. आता त्या तासाला मी फळ्यावर आधी रुग्णाची औषधांची यादी लिहितो आणि रेणू नंतर काढतो.

म्हणून बाहेरून आलेल्या शिक्षकाबद्दल एक गोष्ट बघा: तो फार्मसीच्या लोकांबरोबर काही करतो का? शोधनिबंधांची यादी उघडा. सहलेखकांत आपल्याच कॉलेजातले फार्मास्युटिक्सचे, प्रॅक्टिसचे लोक दिसले तर उत्तम. सगळी यादी त्याच्या जुन्या प्रयोगशाळेचीच असेल, तर तो फक्त जागा बदलून आला असण्याची शक्यता आहे. निबंधांच्या संख्येपेक्षा मला हे जास्त सांगून जातं.

मृण्मयी:

तिघांचेही मनापासून आभार. मी उलट्या बाजूने वाचत होते, माणसामागून पदव्या. आता विषयांची यादी एका बाजूला लिहून प्रत्येकासमोर नाव मांडतेय. एका कॉलेजात फार्माकॉलॉजी आणि रसायनशास्त्र भक्कम दिसतंय, पण प्रॅक्टिसला सगळे "अ‍ॅडजंक्ट" आहेत. म्हणजे पूर्णवेळ नाहीत ना? ते वाईट समजायचं का?

वॉर्डफेरी:

वाईट नाही. अ‍ॅडजंक्ट म्हणजे बहुतेक वेळा बाहेर नोकरी करणारा फार्मासिस्ट, जो ठरावीक तास शिकवायला येतो किंवा आपल्या कामाच्या जागी विद्यार्थी घेतो. त्यांचं काम अगदी ताजं असतं. मात्र अभ्यासक्रम कोण आखतं आणि परीक्षेत काय विचारायचं हे कोण ठरवतं, तिथे हे लोक बहुधा नसतात. सगळेच अ‍ॅडजंक्ट असतील तर प्रॅक्टिसच्या बाजूने बैठकीत बोलणारं कुणी उरत नाही आणि वेळापत्रकात पहिला कापला जातो तो वॉर्डाचा वेळ. निदान एक पूर्णवेळ माणूस तरी हवा. कॉलेजला थेट विचारा: विद्यार्थी कुठल्या वर्षापासून रुग्णालयात जातात, तिथे त्यांच्याबरोबर कोण असतं, आणि त्यांनी तिथे केलेल्या कामाला गुण कोण देतं.

गोळीयंत्र:

तिसरा प्रश्न नक्की विचारा. आणि शक्य असेल तर मुलीला घेऊन जा आणि गोळ्यांचं यंत्र दाखवा म्हणा. पंचवर धूळ बसली असेल तर त्या विभागात कोण कुठून आलंय हे वाचत बसायची गरज नाही.

मृण्मयी:

विचारते. भेट ठरली की त्या यादीतल्या रिकाम्या जागा इथे मांडेन, तेव्हा पुन्हा त्रास देईन.