बग म्हणजे किडा की आपली चूक?

शब्दवेडी:
काल एका ग्रुपवर पुन्हा तीच पोस्ट: "१९४७ साली हार्वर्डच्या संगणकात किडा सापडला, तेव्हापासून बिघाडाला बग म्हणतात." हे मुलांना शाळेतही सांगतात, याचा मला खरंच त्रास होतो. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या एका रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग नावाचा किडा अडकला होता, हे खरं. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून शेजारी लिहिलं, की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. तो 'प्रत्यक्ष' नीट वाचा! शब्द आधीच तोंडात रुळलेला असल्याशिवाय असं कोण लिहील? एडिसनने तर १८७८ सालीच एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना बग म्हटलंय, तेही 'असं म्हणतात' म्हणून.

जुना_प्रोग्रॅमर:
ताई, एडिसनचं मान्य. पण ते पत्र वाचलं किती जणांनी? त्या संगणकावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर बाई भाषणांतून पतंगाचा किस्सा सांगायच्या, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. मीही तीस वर्षं नव्या पोरांना तोच सांगतोय. कुणी विसरत नाही.

शब्दवेडी:
विसरत नाहीत म्हणूनच खरं सांगायला हवं ना! आणि तो पतंग हॉपर बाईंनी स्वतः शोधलाही नव्हता.

सातासमुद्रापार:
सगळ्याच व्युत्पत्ती खोट्या नसतात हो. स्नाफू घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांनी पाच शब्दांच्या आद्याक्षरांतून घडवलेला: परिस्थिती नेहमीचीच, म्हणजे सगळा बट्ट्याबोळ. त्यातलं एक अक्षर चक्क शिवीचं. लष्कराने १९४३ मध्ये 'प्रायव्हेट स्नाफू' नावाची कार्टूनंही काढली. इथे ऑफिसात लोक तो शब्द बिनधास्त मेलमध्ये लिहितात.

टेस्टर_पुणे:
मूळ राहू द्या, मला बग हा शब्दच नको. चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. एका कंपनीत पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये रजेचा दिवस दोनदा कापला जायचा. मी तक्रारीचं तिकीट टाकलं. डेव्हलपरने 'वर्क्स ॲज डिझाइन्ड', म्हणजे 'ठरवलं तसंच चालतंय', लिहून बंद केलं. तीनदा उघडलं, तीनदा बंद. शेवटी कामगारांचे पैसे खरोखर कापले गेले, तेव्हा मीटिंगमध्ये तोच म्हणतो, "बग आला होता." आला होता? कुठून? लिहिला होतास ना तू! संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९८८ मध्ये हेच बजावलं होतं: बग म्हणू नका, चूक म्हणा. प्रोग्रॅमरची नजर चुकवून कुठलाही किडा आत शिरत नाही.

जुना_प्रोग्रॅमर:
हे लागलं मला. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी रिक्वायरमेंट बदलणाऱ्यांची चूक कोण मोजतं? रात्री दोनला उठून निस्तरतो आम्ही!

टेस्टर_पुणे:
काका, विषय बदलू नका. चूक कुणाचीही असो, तिला चूकच म्हणा. मराठीतही तेच चालतं. 'घोळ झाला' सगळे म्हणतात, 'मी घोळ घातला' कोण म्हणतं?

जुना_प्रोग्रॅमर:
बरं. 'घातला' म्हणायला जीभ रेटत नाही, एवढं कबूल. पण बग हा शब्द मी सोडणार नाही. पतंगाचा किस्साही सांगणारच, फार तर एडिसनचं पत्र जोडून.

शब्दवेडी:
जोडून नाही, आधी सांगा.

टेस्टर_पुणे:
त्या रजेच्या दिवसाचं राहिलंच. पैसे परत मिळायला दोन पगार गेले. त्या मेलमध्येही लिहिलं होतं, 'बगमुळे'.