कार्डाच्या अर्जासाठी बँक नेमका कोणता स्कोअर पाहते? (सोसायटीच्या ग्रुपवरील संभाषण; नावांऐवजी सदनिका क्रमांक दिले आहेत.)

बी-५०३ : नमस्कार. मोबाइलवरील अॅपमध्ये माझा क्रेडिट स्कोअर ७८१ दिसतो. तरीही एका खासगी बँकेने माझा क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला आणि शाखेत चौकशी केली असता तेथील अधिकाऱ्यांनी तोंडी ७३४ हा आकडा सांगितला. यांपैकी खरा स्कोअर कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सी-२०१ : दोन्ही खरे असू शकतात. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो असल्याने थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जांची व परतफेडीची नोंद ठेवून त्यावरून अहवाल आणि स्कोअर तयार करणाऱ्या कंपन्या, आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या आदेशानुसार कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेला चौघींचे सभासदत्व घ्यावे लागते आणि चौघींना माहिती पुरवावी लागते. मात्र अर्ज तपासताना अहवाल कोणाकडून मागवायचा, हे बँक स्वतः ठरवते. प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे असते, शिवाय एकाच कंपनीच्या स्कोअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्याही वापरात असतात. अॅप बहुधा एकाच कंपनीचा आकडा दाखवते आणि तोही काही आठवड्यांपूर्वीचा असू शकतो.

ए-१०२ : काका, पण साडेसातशेच्या वर स्कोअर असला की कार्ड मिळतेच, असे सगळे म्हणतात.

सी-२०१ : रिझर्व्ह बँकेने असा कोणताही किमान आकडा ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँक आपली मर्यादा ठरवते आणि त्यावर उत्पन्न, नोकरीचे स्वरूप, चालू हप्ते, त्याच बँकेतील खात्याचा व्यवहार असे सगळे धरून स्वतःचा अंतर्गत स्कोअर काढते, जो अर्जदाराला कधीच दिसत नाही. अमेरिकेत फायको या कंपनीचा सर्वसाधारण स्कोअर ३०० ते ८५० असतो आणि कार्डांसाठी २५० ते ९०० असा वेगळाच स्कोअरही असतो. तेव्हा हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही.

बी-५०३ : मग माझ्या बँकेने कोणाचा अहवाल पाहिला, हे कळण्याचा काही मार्ग आहे का?

सी-२०१ : आहे, आणि माझ्या मते आकड्यांची तुलना करत बसण्यापेक्षा तोच अधिक उपयोगाचा आहे. प्रत्येक अहवालात चौकशांचा एक भाग असतो आणि बँकेने ज्या कंपनीकडून अहवाल मागवला असेल, तिच्याच अहवालात त्या बँकेचे नाव व तारीख आढळते. अहवाल पाहिला गेल्यावर एसएमएस किंवा ईमेलने सूचना देणेही या कंपन्यांवर बंधनकारक आहे, म्हणून आधी जुने संदेश चाळा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. याउलट एका पाठोपाठ एक चार बँकांत अर्ज केले, तर त्या चौकशांची नोंद राहते आणि पुढची बँक ती पाहते.

ए-४०२ (सचिव) : सर्वांना विनंती, अहवालाचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नयेत. त्यांत पॅन क्रमांक व जन्मतारीख असते.

डी-४०४ : आमच्या मुलीची ही पहिलीच नोकरी असून तिच्या नावावर आजवर कोणतेही कर्ज नाही. तिचा स्कोअर कुठून येणार?

सी-२०१ : तिच्या अहवालात आकड्याऐवजी 'इतिहास नाही' अशा अर्थाची खूण दिसेल, तो वाईट स्कोअर नव्हे. मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड घेऊन बिल वेळेवर पूर्ण भरत राहणे, हा तिच्यासाठी सोपा आरंभ ठरेल.

बी-५०३ : काका, आभारी आहे. चारही अहवाल काढले. बँकेची चौकशी केवळ एकाच अहवालात निघाली आणि नेमक्या त्याच अहवालात माझे पूर्वीच बंद केलेले एक कार्ड थकबाकीसह चालू दिसते. बाकी तिन्हींत ते बंद आहे.

सी-२०१ : मग कार्ड बंद केल्याचे पत्र जोडून त्या कंपनीकडे आणि जुन्या कार्डाच्या बँकेकडे, अशी दोन्हीकडे लेखी तक्रार करा. संबंधित बँकेच्या दुजोऱ्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून बँकेला वगळू नका. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, तेव्हा पोचपावती जपून ठेवा. शिवाय अर्ज नाकारणाऱ्या बँकेकडून नेमके कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार ते देणे तिला बंधनकारक आहे. दुरुस्त नोंद त्या अहवालात स्वतः पाहिल्याखेरीज नवा अर्ज करू नका.