हवासू फॉल्स (ॲरिझोना, अमेरिका), पुढच्या गुरुवारी निघतोय, मदत हवी आहे!

सोनचाफा: तीन रात्री कॅम्पिंग, आठ जण, सासूबाईही आहेत. गाडी नक्की कुठपर्यंत जाते आणि सामान किती न्यायचं एवढंच सांगा. वाचत बसायला वेळ नाही, प्लीज.

वाटसरू: गाडी हुआलापाय हिलटॉपपर्यंत, रस्ता तिथेच संपतो, पुढे पायी. रूट ६६ हायवे सोडलात की पुढे पेट्रोल नाही, टाकी भरून घ्या. हिलटॉपहून सुपाई गाव ८ मैल, कॅम्पग्राउंड आणखी २. येताना शेवटचा मैलभर खडा चढ, डोक्यावर ऊन. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? परमिट कोणाच्या नावावर?

गिरिभ्रमर: परमिट कशाला? नॅशनल पार्कचा पास असला की झालं. ग्रँड कॅन्यनच ना ते!

वाटसरू: नाही हो. ती जमीन हवासुपाई या आदिवासी जमातीची. पार्कचा पास तिथे चालत नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत हेही चालत नाही.

गिरिभ्रमर: मी स्वतः जाऊन आलोय, २००६ ला. साउथ रिमवर कोणी काही विचारलं नाही.

वाटसरू: साउथ रिम म्हणजे नॅशनल पार्क, हवासू नव्हे 🙏

मेतकूट: दशम्या न्या, तीन दिवस टिकतात. पण झाकणाच्या बादलीत. तिथल्या खारींनी आमची सॅक कुरतडून चकल्या संपवल्या, लसणाची चटणी तेवढी सोडली.

उंटावरचा_शहाणा: कॅम्पग्राउंडच्या पुढच्या मूनी फॉल्सला हातमोजे न्या. साखळ्या धरून उतरायचं, शिड्या तुषारांनी ओल्याचिंब.

आळशी_ट्रेकर: हेलिकॉप्टरने जा की सरळ.

वाटसरू: त्यात गावकरी आधी, आपण नंतर. दिवसभर रांगेत बसाल. आणि ऑगस्ट आहे, आभाळाकडे लक्ष ठेवा. २००८ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. सोनचाफा, परमिटचं सांगा.

सोनचाफा: सासूबाई रोज ५ मैल चालतात, मीच मागे पडते. परमिट नवऱ्याच्या मित्राच्या नावावर आहे. त्याला सुट्टी नाही म्हणून त्याच्या जागी सासूबाई. प्रिंटआउट आहे आमच्याकडे.

वाटसरू: अहो, हे आधी सांगायचं ना! ज्याच्या नावावर बुकिंग, तो फोटो आयडी घेऊन स्वतः हजर हवा. नाव परस्पर बदलता येत नाही. आजच ट्राइबच्या टूरिस्ट ऑफिसला फोन करा.

मेतकूट: दशम्यांना पाणी नको, दुधातच भिजवा.

सोनचाफा: मित्राला फोन केला. सुट्टी टाकतो म्हणाला. पण आता आम्ही नऊ झालो, परमिट आठांचं.

उंटावरचा_शहाणा: नवऱ्याला घरी ठेवा.

सोनचाफा: सासूबाई पण हेच म्हणतायत.