गिधाडं परत का वाढत नाहीत?

रानपाखरू: मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांचा जीव घेणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर गुरांसाठी २००६ मध्येच बंदी आली ना? मग आकाश अजून रिकामंच कसं?

ढोली: अहो, जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती, तिथून वर यायचंय. त्यात आपली हुशारी! माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचत राहिलो. २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरवर आणली, तेव्हा कुठे ती पळवाट आवळली. आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक? गुरांच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. चीड येते हो.

रानपाखरू: पण दुखणाऱ्या जनावराला द्यायचं काय?

ढोली: मेलॉक्सिकॅम. गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलंय. डॉक्टरांकडे नाव घेऊन मागा.

माळरान: एक भर. मेलॉक्सिकॅम सोडून दुसरं वेदनाशामक दिलेलं जनावर एक-दोन दिवसांत दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मरतात ती अशाच मढ्यांमुळे.